संस्थेचं संशोधन जर्नल मोठ्या प्रकाशकाकडे सोपवताना करारात काय पाहावं?

चिटणीस

एका विज्ञानशाखेच्या जुन्या, मध्यम आकाराच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. संस्थेचं एक संशोधन जर्नल आहे, वर्षाला सहा अंक. संपादक, सहसंपादक, समीक्षक सगळे बिनपगारी. साधनं म्हणाल तर ईमेल, एक सामायिक तक्ता आणि पानं जुळवून देणारा एक छोटा छापखाना. आता एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने भागीदारीचा प्रस्ताव दिलाय. पेपर स्वीकारायची ऑनलाइन यंत्रणा, जुळणी, संकेतस्थळ, विक्री हे सगळं त्यांचं, संपादन आमचं. सात वर्षांचा करार, सही करताना एक ठोक रक्कम, दरवर्षी ठरावीक हमी आणि त्यावर उत्पन्नात वाटा.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, इतकी वर्षं हौशी माणसांच्या जिवावर निभावलं, आता मनुष्यबळ संपत आलंय. दुसरा म्हणतो, संस्थेची ओळखच या जर्नलमुळे आहे, ती दुसऱ्याच्या हाती देऊ नका. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतायत, आणि चर्चा मात्र 'वाटा किती टक्के' यावरच अडून बसलीय.

थोडा इतिहास सांगतो, कारण 'जर्नल हे संस्थेचं उत्पन्नाचं साधन' ही समजूत फार जुनी नाही. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं ते स्वतःच्या खर्चाने. रॉयल सोसायटीने त्याची जबाबदारी अधिकृतपणे घेतली ती १७५२ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी, आणि पुढेही दीर्घकाळ सोसायटी त्यात पदरचे पैसे घालत राहिली. संशोधनपत्रिकांत मोठा पैसा आहे हे व्यापारी प्रकाशकांनी ओळखलं दुसऱ्या महायुद्धानंतर. रॉबर्ट मॅक्सवेल यांची पर्गॅमॉन प्रेस १९५१ पासून वाढत गेली आणि १९९१ साली एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाने ती विकत घेतली. विद्यापीठं वाढली, संशोधक वाढले, ग्रंथालयांना वर्गण्या भरण्यावाचून पर्याय नव्हता. संस्थांच्या जर्नलांना भाव आला तो या काळात.

मसुद्यातली दोन कलमं मला खटकतात. एकात म्हटलंय, 'जर्नलच्या नावावर दोन्ही पक्षांचा संयुक्त हक्क राहील.' दुसऱ्यात, 'मुख्य संपादकाची नेमणूक प्रकाशकाच्या लेखी संमतीने होईल.' वकिलांना दाखवलं, ते म्हणाले कायद्याच्या दृष्टीने काही वावगं नाही. या व्यवहाराच्या जवळ असलेल्यांनी कृपया लिहावं.

पोथीशाळा

चांगला धागा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जर्नलांच्या वर्गण्या पाहते, त्यामुळे खरेदीदाराच्या बाजूने लिहिते.

आधी हे मान्य करायला हवं की एकट्या संस्थेचं एकटं जर्नल विकत घेणं ग्रंथालयाला खरोखरच जड जातं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठे प्रकाशक शेकडो, पुढे हजारो जर्नलांचा एकच गठ्ठा विकू लागले. बजेटचा मोठा हिस्सा त्यातच जातो. कपात करायची वेळ आली की गठ्ठ्याला हात लावता येत नाही, मग कात्री लागते सुट्या वर्गण्यांना. तुमचं जर्नल कितीही चांगलं असलं तरी त्या यादीत ते सुटंच. प्रकाशकाच्या गठ्ठ्यात गेलात तर एका वर्षात कितीतरी नव्या ग्रंथालयांत पोचाल. हा फायदा खरा आहे, तो कमी लेखू नका.

पण मग पुढचा प्रश्न विचारा, जो संस्था सहसा विचारत नाहीत. गठ्ठा एकरकमी विकला जातो. त्या रकमेतलं तुमच्या जर्नलच्या नावावर किती जमा होणार आणि ते कोणत्या सूत्राने? छापील किमतीच्या प्रमाणात, वाचकांनी उघडलेल्या पेपरांच्या प्रमाणात, की प्रकाशकाला योग्य वाटेल तसं? उत्पन्नात चाळीस टक्के वाटा वाचायला छान वाटतो. चाळीस टक्के कशाचे, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. 'निव्वळ उत्पन्न' असा शब्द असेल तर त्यातून काय काय वजा होणार याची यादी करारातच हवी, आणि हिशेब तपासून घेण्याचा हक्कही.

हिशेबनीस

मी दुसऱ्या एका संस्थेचा खजिनदार होतो. आम्ही असा करार केला आणि मला तो योग्यच वाटतो. त्या पैशातून विद्यार्थ्यांना परिषदांचा प्रवासखर्च मिळतो, दोन पुरस्कार चालतात, कार्यालयात एक पूर्णवेळ माणूस आहे. सभासदांच्या वर्गणीतून यातलं निम्मंही झालं नसतं.

नामांकित संस्थाही याच वाटेने गेल्यात. अमेरिकन जिओफिजिकल युनियनसारख्या बलाढ्य संस्थेने २०१३ पासून आपली जर्नलं वायली या प्रकाशकाबरोबर काढायला सुरुवात केली. जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिकाने २०२१ पासून आपली दोन जर्नलं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे दिली, त्यातलं एक १९१६ पासून निघतंय. या लोकांना आपल्या जर्नलची किंमत कळत नव्हती असं कोण म्हणेल?

सगळं स्वतः करा म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. पुढचा संपादक कोण? तक्ता सांभाळणारा आजारी पडला तर अंक निघेल का? अमेरिकन फिजिकल सोसायटी किंवा रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री स्वतः प्रकाशन करतात ते पगारी माणसांच्या भक्कम फौजेवर. ते उदाहरण तुमच्या-आमच्या संस्थेला लागू पडत नाही.

खिळेजुळारी

मी जर्नलांच्या जुळणीत बरीच वर्षं काढली, छोट्या संस्थांचीही आणि मोठ्या प्रकाशकांचीही. 'जुळणी त्यांची' हे चिटणीसांनी दोन शब्दांत उरकलंय, तिथे जरा थांबू या.

आज जुळणी म्हणजे फक्त पानं लावणं नव्हे. लेखकाची फाइल आली की तिचं एक्सएमएल करावं लागतं, म्हणजे शीर्षक, लेखक, सारांश, तक्ते, समीकरणं, संदर्भ यांच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावायची. त्यातूनच पीडीएफ निघते, वेबपान निघतं, क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेला माहिती जाते, डीओआय क्रमांक, म्हणजे पेपरचा कायमचा ओळखक्रमांक, जिवंत होतो. हे काम नीट झालं तर पेपर जगात सापडतो, नाहीतर संकेतस्थळावर असूनही नसल्यासारखा. मोठे प्रकाशक हे झपाट्याने करतात आणि बहुतेक वेळा चांगलं करतात.

पण ते काम बाहेरच्या कंत्राटदारांकडे जातं आणि तिथल्या माणसाला तुमचा विषय येत नाही. जुन्या पद्धतीच्या सिम्बॉल फाँटमध्ये ग्रीक 'म्यू' हे अक्षर रोमन 'एम'च्या जागी बसवलेलं असायचं. फाइल एका यंत्रणेतून दुसरीत जाताना फाँट गळून पडला की म्यूचा एम होतो. म्हणजे मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम. औषधाची मात्रा हजारपट. पान दिसायला अगदी स्वच्छ, शुद्धलेखन तपासणीत काही सापडत नाही. तसंच वजा चिन्हाच्या जागी साधी आडवी रेघ येते आणि ओळ तुटताना ती मागच्या ओळीत राहते. खालच्या ओळीत उणे तीनचे नुसते तीन उरतात. हे पकडतो तो विषय जाणणारा, पगार न घेता रात्री प्रुफं वाचणारा तुमचा सहसंपादक.

म्हणून करारात लिहून घ्या की प्रुफं लेखकाबरोबर संपादकालाही दिसतील आणि संपादकाच्या होकाराशिवाय पेपर ऑनलाइन जाणार नाही. प्रकाशक म्हणेल, यामुळे दोन दिवस उशीर होतो. होऊ द्या.

निरंजनी

मी गणितातली, त्यामुळे नावाच्या हक्कावर लिहिते. आमच्या विषयात याचे दोन धडे अगदी शेजारी-शेजारी आहेत.

'टोपॉलॉजी' हे नावाजलेलं जर्नल एल्सेव्हियरच्या मालकीचं. किमतीवरून वाद वाढत गेला आणि २००६ साली अख्ख्या संपादक मंडळाने राजीनामा दिला. नाव प्रकाशकाचं असल्याने ते सोडून यावं लागलं. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्यांना आसरा दिला आणि २००८ पासून 'जर्नल ऑफ टोपॉलॉजी' सुरू झालं. माणसं तीच, दर्जा तोच, पण नाव नवं.

आता दुसरं. 'कंपोझिशिओ मॅथेमॅटिका' हे जर्नल क्लूवर हा प्रकाशक काढत असे. पण नावाची मालकी त्याच नावाच्या एका प्रतिष्ठानाकडे होती. प्रतिष्ठानाने २००४ पासून जर्नल लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे नेलं, वितरण केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसकडे. नाव तेच राहिलं, खंडांचे क्रमांक पुढे चालू राहिले, लेखकांना काही नव्याने समजावून सांगावं लागलं नाही. वर्गणीही कमी झाली.

नाव गेलं की नेमकं काय जातं, तेही सांगते. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, काढताना आधीच्या दोन वर्षांतले पेपर मोजतात. नव्या नावाच्या जर्नलला ती दोन वर्षं साठवावी लागतात, शिवाय सूचींमध्ये नव्याने प्रवेश मिळवावा लागतो. तोवर ज्या तरुण संशोधकाची बढती या आकड्यावर अडलेली असते, त्याला तुम्ही मनात असूनही म्हणू शकत नाही की पेपर आमच्याकडेच दे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने माणसाचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नका असं सांगितलं, अनेक संस्थांनी सह्याही केल्या, पण निवड समित्यांच्या टेबलावर तो आकडा अजून असतो.

'संयुक्त हक्क' या कलमावर सही करू नका. संयुक्त म्हणजे वेगळं व्हायचं ठरलं त्या दिवशी कुणालाच ते नाव एकट्याने वापरता येणार नाही. या एका मुद्द्यावर बोलणी तुटली तरी चालतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस

निरंजनी, नावाबद्दल पूर्ण सहमत. आमच्या करारात पहिलंच कलम आहे: नाव, बोधचिन्ह आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) संस्थेचे, प्रकाशकाला फक्त मुदतीपुरता वापराचा परवाना. बोलणी करताना प्रकाशकाने फार ताणलं नाही. मागितलं की मिळतं, असा अनुभव आहे.

अंकुर२

मी अजून पीएचडी करतोय. लेखक म्हणून एक विचारायचं होतं. सगळे वर्गणीबद्दल बोलतायत, पण आता तर लेखकाकडूनच पैसे घेऊन पेपर सगळ्यांना खुला करतात ना? मग संस्थेचं जर्नल अशा प्रकाशकाकडे गेलं तर माझ्यासारख्यांना तिथे छापणं परवडेल का? माझ्या मार्गदर्शकांकडे प्रकल्पाचा निधी नसतो तेव्हा आम्ही तुमच्यासारख्या संस्थांच्याच जर्नलांकडे बघतो.

पोथीशाळा

अंकुर, मुद्द्याचं विचारलंस.

संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावं ही मागणी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात स्पष्ट शब्दांत मांडली गेली. २०१८ मध्ये युरोपातल्या निधी देणाऱ्या संस्थांनी 'प्लॅन एस' जाहीर केला: आमच्या पैशातून झालेलं संशोधन ताबडतोब खुलं हवं. हेतू उत्तम. पण मोठ्या प्रकाशकांनी त्यातून जो मार्ग काढला त्यात खर्चाचा भार वाचकाकडून उचलून लेखकावर टाकला गेला. न्यूरोइमेज या जर्नलचं लेखकशुल्क ३,४५० डॉलर होतं. ते कमी करा म्हणून संपादकांनी विनंती केली, प्रकाशक बधला नाही आणि २०२३ साली चाळीसहून अधिक संपादक एकत्र बाहेर पडले. 'इमेजिंग न्यूरोसायन्स' नावाचं नवं जर्नल त्यांनी एमआयटी प्रेसबरोबर सुरू केलं. नाव पुन्हा मागेच राहिलं, हे निरंजनींच्या मुद्द्याला धरूनच आहे.

लेखकशुल्कामुळे आणखी एक गोष्ट बदलते, आणि मला तिची जास्त काळजी वाटते. वर्गणीच्या काळात चांगला पेपर नाकारला काय, स्वीकारला काय, त्या वर्षीचं उत्पन्न तेवढंच राहायचं. शुल्काच्या पद्धतीत स्वीकारलेला प्रत्येक पेपर म्हणजे जमा रक्कम. मग प्रकाशकाकडून संपादकाला सौम्य भाषेत ईमेल येऊ लागतात: यंदा पेपर कमी दिसतायत, एखादा विशेषांक काढता येईल का? पाहुणे संपादक आम्ही शोधून देऊ.

हे कुठवर जाऊ शकतं ते हिंदावी या प्रकाशन कंपनीच्या बाबतीत दिसलं. वायलीने २०२१ साली ती कंपनी २९.८ कोटी डॉलरला घेतली. विशेषांकांच्या वाटेने बनावट पेपर तयार करणाऱ्या टोळ्या आत घुसल्या होत्या. २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले आणि वायलीने हिंदावी हे नावच वापरणं बंद करायचं ठरवलं.

तेव्हा चिटणीस, तुमचं ते दुसरं कलम, संपादकाच्या नेमणुकीचं, मला पहिल्याइतकंच गंभीर वाटतं. विशेषांकाला नाही म्हणणारा संपादक हवा असेल तर त्याची खुर्ची संस्थेच्या हातात हवी. वर्षाला किमान अमुक पेपर द्यावेत असं एखादं वाक्य परिशिष्टात दडलेलं आहे का तेही बघा. आणि शुल्क किती, कुणाला माफ, हे ठरवण्यात संस्थेला मत हवं. नाहीतर अंकुरसारखा मुलगा एक दिवस संस्थेचा सभासद असून संस्थेच्या जर्नलमधून बाहेर पडेल.

चिटणीस

सगळ्यांचे मनापासून आभार. पोथीशाळा, परिशिष्ट पुन्हा वाचलं. 'वार्षिक प्रकाशन उद्दिष्ट' असं एक कोष्टक खरंच आहे आणि त्यातला आकडा दरवर्षी वाढत जातो. उद्दिष्ट गाठलं नाही तर हमीची रक्कम कमी होते. कार्यकारिणीत हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

आता उलट बाजूने विचारतो. सगळं जमून आलं, करार केला, आणि सात वर्षांनी वेगळं व्हायचं ठरलं, तर बाहेर पडताना काय काय हातात असायला हवं? नाव आलं. आणखी?

खिळेजुळारी

हे करार करण्याआधी विचारताय हे फार बरं. निघताना मागितलं तर गोडीगुलाबीने मिळेलच असं नाही.

प्रकाशित झालेल्या प्रत्येक पेपरची एक्सएमएल, पीडीएफ आणि आकृत्यांच्या मूळ फायली. नुसत्या पीडीएफवर राजी होऊ नका. त्यांवरून पुन्हा एक्सएमएल करायचा खर्च छोट्या संस्थेचं कंबरडं मोडतो. तुमच्या जुन्या छापील अंकांचं स्कॅनिंग प्रकाशक स्वखर्चाने करून देतो म्हणतोय का? बहुतेक म्हणत असेल. मग त्या स्कॅन फायली कुणाच्या, हे आत्ताच लिहून घ्या. जुने खंड संस्थेचे आणि त्यांची डिजिटल प्रत मात्र प्रकाशकाची, अशी अडचण मी पाहिली आहे.

पेपर पाठवायच्या यंत्रणेत साठलेली माहिती वेगळीच. कोणता समीक्षक कोणत्या उपविषयाचा, कोण वेळेवर देतो, कोण बारकाईने वाचतो, हे आज तुमच्या त्या सामायिक तक्त्यात आहे. उद्या ते प्रकाशकाच्या यंत्रणेत जाईल. सात वर्षांनी तो तक्ता जुना झालेला असेल आणि नवी माहिती काढून घ्यायची सोय नसेल तर नव्या संपादकाला पाटी कोरी करून बसावं लागेल. समीक्षेत अडकलेले पेपरही असतात; ते अर्ध्यावर टाकून कसं चालेल? शेवटचे काही महिने दोन्ही यंत्रणा एकत्र चालतील अशी तरतूद मागा.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्या नावावर नोंदवा. डीओआय क्रमांक बदलत नाहीत, फक्त ते कुठे घेऊन जातात ते क्रॉसरेफकडे बदलावं लागतं, आणि त्यासाठी जुन्या प्रकाशकाचं सहकार्य लागतं. यासाठी 'ट्रान्सफर कोड ऑफ प्रॅक्टिस' नावाची आचारसंहिता आहे, बरेच मोठे प्रकाशक तिला बांधील असल्याचं जाहीर करतात. करारात तिचा नावानिशी उल्लेख करून घ्या.

पोथीशाळा

यात माझी एक भर. ज्या ग्रंथालयांनी त्या सात वर्षांत वर्गणी भरली, त्यांचा त्या वर्षांच्या अंकांवरचा हक्क तुम्ही गेल्यावरही टिकायला हवा. वर्गणीदारांची यादी तुम्हाला मिळाली नाही तर कुणाला काय द्यायचं हेच कळणार नाही. क्लॉक्स किंवा पोर्टिको या डिजिटल जतन करणाऱ्या सेवांकडे अंकांची सुरक्षित प्रत जाते का तेही विचारा. प्रकाशक आणि संस्था दोघंही उद्या नसले तरी पेपर राहिले पाहिजेत.

निरंजनी

एक नवी गोष्ट जुन्या नमुन्यांच्या मसुद्यात नसते. २०२४ साली इन्फॉर्मा या कंपनीने, म्हणजे टेलर अँड फ्रान्सिसच्या मालकांनी, मायक्रोसॉफ्टबरोबर करार केला. आपल्याकडचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी वापरू देण्याचा, आणि सुरुवातीची रक्कम एक कोटी डॉलरच्या वर. लेखकांपैकी कितीतरी जणांना ते बातम्यांतून समजलं. तुमच्या मसुद्यात 'इतर सर्व माध्यमांतील हक्क' असं काही असेल तर तो दरवाजा उघडाच आहे. तुम्हाला हे चालणार की नाही ते सभासदांना विचारून ठरवा. निर्णय कोणताही होवो, तो संस्थेने घेतलेला हवा आणि त्यातलं उत्पन्न हिशेबात दिसायला हवं.

अंकुर२

प्रकाशकच नको असेल तर? ओपन जर्नल सिस्टिम्स ही प्रणाली फुकट मिळते ना? आमच्या विभागात एकाने त्यावर छोटं जर्नल चालू केलंय. लेखकालाही पैसे नाहीत, वाचकालाही नाहीत.

खिळेजुळारी

प्रणाली फुकट आणि चांगली आहे, जगभरात हजारो जर्नलं तिच्यावर चालतात. पण तिला सर्व्हर लागतो, सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळी लागतात, आणि एक्सएमएलचं काम कुणालातरी करावंच लागतं. एक अर्धवेळ पण पगारी माणूस ठेवायची तयारी असेल तर ही वाट जमते. फक्त उत्साहावर चालवायची असेल तर तो उत्साही माणूस दुसरीकडे नोकरीला लागेपर्यंत चालते.

हिशेबनीस

मधली वाटही आहे. विद्यापीठांची प्रकाशनगृहं किंवा दुसऱ्या मोठ्या संस्थेचा प्रकाशन विभाग. पैसे कमी देतील, पण बोलणी माणसांशी होतात. वैज्ञानिक मापनाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली असंच केलं. 'जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स'च्या संपादक मंडळाने एल्सेव्हियरकडून राजीनामे दिले आणि 'क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज' हे नवं जर्नल निघालं; मालकी संस्थेची, प्रकाशन एमआयटी प्रेसचं. तेव्हा चिटणीस, एकाच प्रस्तावावर हो-नाही करत बसू नका. आवश्यकता काय आहेत त्याचा कागद तयार करा आणि तीन-चार प्रकाशकांना पाठवा, त्यात एखादं विद्यापीठाचं असू द्या. दुसरा प्रस्ताव हातात आला की पहिल्याची भाषा कशी मऊ होते ते बघाच.

चिटणीस

तसंच करायचं ठरवलंय. अध्यक्षांशी बोललो. प्रकाशकाला कळवतोय की नाव, संपादकाची नेमणूक आणि ते वाढत्या आकड्यांचं कोष्टक या तीन गोष्टी बदलल्याशिवाय मसुदा सर्वसाधारण सभेपुढे जाणार नाही. आवश्यकतांचा कागद मी आणि सहसंपादक मिळून लिहितोय. खिळेजुळारी, फायली परत मिळण्याच्या कलमाचा मसुदा तुम्हाला खासगी संदेशातून पाठवला तर नजर टाकाल का? विशेषतः समीक्षेत अडकलेल्या पेपरांसाठी किती महिने मागावेत ते आम्हाला ठरवता येत नाहीये.

खिळेजुळारी

जरूर पाठवा. महिन्यांचा आकडा तुमच्या समीक्षेला सरासरी किती वेळ लागतो त्यावर ठरेल. गेल्या दोन वर्षांतल्या पेपरांच्या तारखा त्या तक्त्यातून काढून सोबत जोडा.